‘आफत’ ते ‘मगरिब’: एका अल्बमची सहा वर्षे

आमची थोरली बहीण जळगावात मेहरूणमध्ये राहते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिच्याकडे गेलो, तर आपा दारातच म्हणाली, “बरं झालं आलास. आधी वर गच्चीवर जा आणि तुझ्या भाच्याला समजव. बारावीचं वर्ष आहे आणि हा मोबाईलवर ठेका लावून दिवसभर बडबड करतो. म्हणे रॅपर होणार. म्हणे अल्बम काढणार!”

गच्चीवर तीन मुले होती. पाण्याच्या टाकीवर एक लहानसा स्पीकर, एकाच्या हातात मोबाईल आणि भाच्याच्या हातात वही. वही केमिस्ट्रीची होती, पण लिहिले होते ते मागच्या पानापासून. आम्हाला पाहून बाकीचे दोघे सलाम करून भिंतीला टेकले. भाचा मात्र म्हणाला, “मामू, अम्मी म्हणते तशी ही बडबड नाही. एकदा ऐका तरी.”

ऐकले. काही ओळी घरच्या हिंदुस्तानीत होत्या, काही मराठीत आणि मध्येच एक अहिराणी शब्द. डाळ मिलमधून रात्री परतणारे अब्बा, त्यांच्या कपड्यांवरची डाळीची पूड, झाकून ठेवलेले ताट, हे सगळे त्यात होते. एका ओळीपाशी तो अडखळला, आमच्याकडे पाहिले आणि एक शब्द गिळून पुढे गेला. तो शब्द कोणता असेल, ते आम्हाला कळले. आम्हाला कळले, हे त्यालाही कळले.

खाली आल्यावर आपाने विचारले, “समजावलंस?” आम्ही म्हटले, “थोडा वेळ दे.” खरे सांगायचे तर काय समजवावे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. रॅपर कसा घडतो, अल्बम म्हणजे नेमके काय, त्याला किती वर्षे लागतात, त्यात रोजी आहे की नुसतीच हवा, यातले काहीच आम्हाला माहीत नव्हते. जे आपल्याला माहीत नाही त्याला ‘नको’ म्हणणे सोपे असते. पण अशा ‘नको’ला आजची मुले फार किंमत देत नाहीत. म्हणून महिनाभर आम्ही वाचले, ऐकले, विचारपूस केली. हाती आले ते आपासाठी आणि आपासारख्या घरांसाठी येथे मांडत आहोत.

कुर्ल्याची गल्ली

जळगावहून मुंबईला जाणाऱ्या कितीतरी गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, म्हणजे आपल्या बोलीत ‘कुर्ला टर्मिनस’ला थांबतात. त्याच कुर्ल्यात १९९३ साली जन्मलेला नावेद शेख हा मुलगा पुढे ‘नेझी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२४ मध्ये दूरदर्शन संचावर किंवा मोबाईलवर ‘बिग बॉस ओटीटी’चे तिसरे पर्व पाहिलेल्यांना त्याचा चेहरा आठवेल. त्यात तो उपविजेता ठरला. पण त्याची खरी गोष्ट त्याच्या दहा वर्षे आधी सुरू होते.

तेराच्या आसपासचा असताना त्याने शॉन पॉल या जमैकन गायकाचे ‘टेम्परेचर’ हे गाणे ऐकले. भाषा कळत नव्हती, पण शब्द ज्या वेगाने ठेक्यावर पडत होते ते त्याला आवडले आणि त्याने ते पाठ केले. सुरुवात एवढीच. पुढची काही वर्षे चांगली गेली नाहीत. टवाळक्या, भांडणे, एकदा पोलिसांच्या कोठडीत बसण्याची वेळ, हे सगळे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलेले आहे. त्यानंतर तो घरात बसून लिहू लागला.

२०१४च्या जानेवारीत त्याचे ‘आफत’ हे गाणे यूट्यूबवर आले. स्टुडिओ नव्हता, कंपनी नव्हती. वडिलांनी दिलेला एक आयपॅड होता. त्याच्यावरच त्याने आवाज रेकॉर्ड केला, त्याच्यावरच गल्लीत चित्रीकरण केले आणि त्याच्यावरच काटछाट करून व्हिडिओ तयार केला. मागचे संगीत इंटरनेटवर तयार मिळाले तेच वापरले. त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर ‘बॉम्बे ७०’ नावाचा छोटा माहितीपट केला. नावातले ७० हे कुर्ल्याच्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे आहेत.

२०१५ मध्ये अंधेरीच्या विवियन फर्नांडिसबरोबर, म्हणजे ‘डिव्हाईन’बरोबर, त्याने ‘मेरे गली में’ केले. ‘आफत’चा व्हिडिओ दिग्दर्शिका झोया अख्तर यांच्या पाहण्यात आला, त्या या मुलांना भेटल्या आणि त्या भेटींतून ‘गली बॉय’ हा चित्रपट आकाराला आला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी तो प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्याने १३ फिल्मफेअर पुरस्कार घेतले. नायक मुराद हा धारावीतला मुसलमान कॉलेजकुमार, वडील ड्रायव्हर. तो घरात चोरून लिहितो. त्या चित्रपटानंतर आपल्या गावांतही असे किती मुराद तयार झाले, ते आमच्या आपाला विचारावे.

घरातल्या साध्या साधनावर काही करून दाखवणे आपल्या भागाला नवे नाही. धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावात शेख नासिर यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांना घेऊन चित्रपट काढले आणि त्यांच्यावर पुढे जगभर दाखवला गेलेला माहितीपट झाला. साधन लहान असले तरी चालते. प्रश्न त्यापुढचा असतो. एक गाणे गाजले, आता पुढे काय?

गझल आणि मजमुआ

‘आफत’ आले २०१४ मध्ये. नेझीचा पहिला अल्बम आला २०२० मध्ये. मध्ये सहा वर्षे गेली. डिव्हाईनचे ‘ये मेरा बॉम्बे’ २०१३चे आणि पहिला अल्बम ‘कोहिनूर’ २०१९चा. तिथेही सहा वर्षेच. ज्यांची गाणी लाखो लोक ऐकत होते, ज्यांच्या आयुष्यावरून चित्रपट सुचला, त्यांनाही पहिल्या अल्बमला इतका वेळ का लागावा?

आपल्या घरांत हे समजावून सांगायला मुशायऱ्याचे उदाहरण पुरे आहे. एखादा तरुण मुशायऱ्यात एक गझल वाचतो, वाहवा मिळते, लोक ‘मुकर्रर’ म्हणतात. ती रात्र त्याची असते. पण लोक त्याला शायर म्हणून मानू लागतात ते त्याचा मजमुआ आल्यावर. पन्नास-साठ गझला एकत्र ठेवल्या की कळते, याच्याकडे सांगायला काही आहे की एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतो आहे. सुटे गाणे ही मुशायऱ्यातली गझल आहे आणि अल्बम हा मजमुआ.

हिशेब मांडला तर कष्टही दिसतात. रॅपमध्ये एका कडव्याला साधारण १६ ओळी धरतात आणि प्रत्येक ओळ चार ठोक्यांची असते. मिनिटाला ९० ठोके अशी मध्यम लय असेल, तर सोळा ओळी पाऊण मिनिटाच्या आत संपतात. म्हणजे एका गाण्याला तीन कडवी धरली तर ४८ ओळी आणि आठ गाण्यांच्या अल्बमला पावणेचारशेहून जास्त ओळी. गझल पाच-सात शेरांत पूर्ण होते. चित्रपटगीतात मुखडा फिरून फिरून येतो, सूर आणि वाद्ये वेळ भरून काढतात. रॅपमध्ये आधार शब्दांचाच. काफिया जमला पाहिजे, तो ठेक्यावर बरोबर पडला पाहिजे, एका श्वासात बसला पाहिजे आणि ऐकणाऱ्याला पहिल्या खेपेला कळलाही पाहिजे. दहावीत मराठीचा निबंध लिहिताना ज्या मुलाचे पान भरत नाही, त्याने पावणेचारशे ओळी लिहिणे ही गंमत नाही.

भाच्याला आम्ही विचारले, “तुझ्या वहीत पूर्ण झालेली कडवी किती?” त्याने मोजली. अकरा निघाली. तो गप्प बसला. पण त्या रात्री त्याने हिशेब पहिल्यांदा मनावर घेतला, असे त्याच्या मित्राने नंतर सांगितले.

मधली शांतता

नेझीच्या सहा वर्षांत एक काळ असा आहे, ज्याबद्दल मुले कमी बोलतात आणि ज्यावर आपण घरच्यांनी जास्त विचार करायला हवा. नाव होत असताना, ‘गली बॉय’ची तयारी चालू असताना, हा मुलगा मधूनच दिसेनासा झाला. वर्ष-दीड वर्ष गाणे नाही, कार्यक्रम नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना गाणे-बजावणे दीनला धरून वाटत नव्हते. त्याच्या स्वतःच्या मनातही तोच प्रश्न होता. ज्या दारातून पैसा आणि प्रसिद्धी आत येत होती, ते दार त्याने स्वतः लोटून घेतले आणि विचार करत बसला.

पंचविशीतल्या मुलाने हे करणे सोपे नसते. मित्र पुढे जातात, लोक विसरतात. २०१९ मध्ये तो ‘आफत वापस’ हे गाणे घेऊन परतला आणि २०२० मध्ये पहिला अल्बम आला. करण कांचन या संगीतकाराचा त्यामागे हात होता. अल्बमचे नाव ‘मगरिब’.

या नावाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मगरिब म्हणजे सूर्य मावळण्याची वेळ, दिवसाचा शेवट. पण आपल्या हिजरी हिशेबाने तारीख मगरिबलाच बदलते. रमजानचा चाँद आपण मगरिबनंतरच पाहतो आणि तिथूनच नवा महिना धरतो. एक दिवस संपतो, त्याच घटकेला दुसरा सुरू होतो. कलाकाराच्या मनात नेमके काय होते ते त्याचे त्याला माहीत. आम्ही मात्र त्या नावाचा अर्थ आमच्यापुरता असा लावला.

आता मूळ प्रश्न. संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये एकमत नाही. वाद्ये अजिबात नको म्हणणारे आहेत, ईद आणि लग्नात दफपुरती मोकळीक मानणारे आहेत, शब्द आणि हेतू पाहून ठरवा म्हणणारेही आहेत. फतवा देणे हे आमचे काम नाही. प्रत्येक घराने ज्यांच्यावर आपला भरवसा आहे अशा आलिमांना विचारावे. पण शब्दांबद्दल, म्हणजे शायरीबद्दल, एक गोष्ट आपण मुलांना सांगू शकतो. कुरआनमधील २६व्या सूरहचे नावच ‘शुअरा’, म्हणजे कवी. तिच्या शेवटी दिशाहीन भटकणाऱ्या, बोलतात तसे न वागणाऱ्या कवींवर कडक टीका आहे. आणि लगेच त्यातून काहींना वगळलेही आहे. जे ईमान ठेवतात, चांगली कृत्ये करतात, अल्लाहचे स्मरण ठेवतात आणि जुलूम झाल्यावर आपला बचाव करतात, ते. हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्या शायरीसाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मस्जिदीत मिंबर ठेवून दिला होता, हेही आपण सारे ऐकून आहोत.

म्हणजे जोखीम शब्दांत आहे आणि इज्जतही शब्दांतच आहे. भाच्याने गच्चीवर गिळलेला तो एक शब्द आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. आपण लिहिलेले मामूसमोर म्हणता येत नाही, हे त्याला आतून कळत होते. ते कळणे त्याच्यात टिकले, तर निम्मे काम झाले.

पुण्याची दुसरी वाट

दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण घरोघरच्या मुलांना ती जास्त ठाऊक आहे. पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीत वाढलेला अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन. जन्म १९९९चा. लहानपणी तो कव्वाली गात असे. २०१८ मध्ये ‘वाटा’ या गाण्याने तो ऐकू आला आणि पहिला अल्बम ‘तडीपार’ २०२० मध्येच, म्हणजे दोनच वर्षांत. २०२२ मध्ये ‘इन्सान’. २०२३च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’चे १६वे पर्व त्याने जिंकले, तेव्हा जळगावात मुलांनी मोबाईलवर एकमेकांना पेढ्यांची चित्रे पाठवली होती.

त्याच्या बऱ्याच गाण्यांत अशी भाषा आहे की ती घरात सगळ्यांसमोर लावता येत नाही. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच स्टॅनच्या २०१९च्या एका गाण्याचे नाव ‘अस्तगफिरुल्लाह’ आहे आणि त्यात चुकल्याची कबुली आहे. एकाच माणसात दोन्ही गोष्टी आहेत. आपली मुले त्यातले काय उचलतात, हे त्या गायकाच्या हातात नाही. ते बऱ्याच अंशी त्या मुलांशी घरात कोण बोलते, यावर आहे.

दोघांच्या वाटा वेगळ्या. एकाला सहा वर्षे, दुसऱ्याला दोन. एक मध्येच थांबला, दुसरा थांबला नाही. दोघांत समान असे एकच आम्हाला दिसले. दोघांनी आपल्या गल्लीचे, आपल्या घराचे, आपल्या बोलीतले लिहिले. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क या तरुणाने बहिणीसाठी भरवलेल्या मेजवानीत जे सुरू झाले आणि ज्याला पुढे हिप-हॉप म्हणू लागले, त्याचीही मुळे अशीच गरीब वस्तीत आहेत. आणि तिथेही आपली माणसे आहेत. अमेरिकेतील यासीन बे, ज्यांना पूर्वी मोस डेफ म्हणत, यांनी १९९९चा आपला पहिला स्वतंत्र अल्बम बिस्मिल्लाहने सुरू केला आहे.

आपल्याच अंगणातले

भाच्याला आम्ही सांगितले की हे सगळे परदेशातून आले, असे समजू नकोस. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओळी रचत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव यांनी त्या टिपून ठेवल्या आणि आईच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तक आले. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे. हाताला काम, तोंडाला ठेका आणि बोलणे आपल्या रोजच्या जगण्याचे. रॅपरची मुले याहून वेगळे काय करतात?

दुसरे नाव शाहीर अमर शेख (१९१६-१९६९). मूळ नाव महबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. आई मुनेरबी यांच्या तोंडची लोकगीते ऐकत ते वाढले. कामगारांच्या सभांत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा मुसलमान शाहीर डफ घेऊन उभा राहिला की मैदान भरून जाई. त्याच्याही आधी, पेशवाईच्या उत्तरकाळात, सगनभाऊ हे मुसलमान शाहीर मराठीत लावण्या आणि पोवाडे रचत होते. मराठीत ठेक्यावर शब्द फेकणाऱ्या मुसलमानाची परंपरा दोनशे वर्षांची आहे. आपल्या मुलांना कुर्ल्याचे आणि पुण्याचे नाव माहीत आहे, बार्शीचे नाही. यात चूक मुलांची नाही. आपण सांगितलेच नाही.

याचा एक सरळ फायदा असा की मुलाला आपली भाषा कमी वाटत नाही. आपल्या खानदेशातल्या मुलाच्या तोंडी घरची हिंदुस्तानी असते, शाळेची मराठी किंवा उर्दू असते, बाजाराची अहिराणी असते. मुंबईच्या मुलाची टपोरी बोली त्याने उसनी घ्यावी कशाला? शेजारच्या वऱ्हाडात, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ ‘१००आरबीएच’ मराठीत रॅप करतोच आहे. तीन भाषांतले काफिये ज्याच्याकडे आहेत, त्याची झोळी इतरांपेक्षा भरलेली आहे.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

आता थोडे व्यवहाराचे. मुले उत्साहात असतात, कागदपत्रे त्यांना कंटाळवाणी वाटतात. म्हणून ती आपण पाहावीत.

पहिली गोष्ट ठेक्याची, म्हणजे ज्याला मुले ‘बीट’ म्हणतात त्याची. यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीट सरावाला ठीक. पण ती बहुतेक वेळा कमाईसाठी फुकट नसते. तिच्यावर गाणे काढून पैसे मिळू लागले, तर मूळ मालक हक्क सांगू शकतो. बीट विकत घेताना विचारावे की ती फक्त आपल्याला दिली आहे की दहा जणांना. एकच बीट अनेकांना वापरायला देण्याचा स्वस्त प्रकारही असतो. त्यात काही वाईट नाही, पण आपण काय घेतो आहोत ते माहीत असावे.

दुसरी गोष्ट खर्चाची. गाणे लिहिणे, बीट, रेकॉर्डिंग, मग सगळे आवाज जुळवून घेण्याचे काम, शेवटचा हात आणि मग वितरण, अशा पायऱ्या आहेत. स्टुडिओ तासावर पैसे घेतो. म्हणून घरी पाठ करून, दहादा म्हणून मगच स्टुडिओत जावे. तिथे बसून ओळी सुधारणारा मुलगा बापाचे पैसे जाळतो. गाणे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी टाकायला आता मोठी कंपनी लागत नाही. वितरण करणाऱ्या सेवा थोड्या शुल्कात किंवा कमाईतल्या हिश्श्यावर ते काम करतात. व्हिडिओवर कर्ज काढून खर्च करू नये. नेझीचा पहिला व्हिडिओ एका आयपॅडवर झाला, हे रोज आठवावे.

तिसरी गोष्ट सहीची. भारतीय करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला करार करता येत नाही. त्याने केलेली सही कायद्याने टिकत नाही. म्हणून कुणी कोवळ्या मुलाला परस्पर कागदावर सही करायला लावत असेल, तर तिथेच सावध व्हावे. अठरा पूर्ण झाली तरी कागद घरी आणावा, वकिलाला दाखवावा. आपण लिहिलेल्या शब्दांवर लिहिल्याक्षणीच आपला कॉपीराइट असतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी तारखेसह लिखाण जपून ठेवावे. हा हक्क लिहिणाऱ्याच्या आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखून ठेवला आहे. ‘सगळे हक्क कायमचे सोडले’ असे लिहून घेतले तरी तो वाटा तसा सुटत नाही. ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटते. मुलाची गाणी खरोखर चालू लागली तर तिचे सभासद व्हावे.

चौथी गोष्ट शिक्षणाची. सहा वर्षे हा आकडा मुलापुढे ठेवावा. पहिल्या गाण्यापासून अल्बमपर्यंत सहा वर्षे लागणार असतील, तर तेवढ्यात बारावी होते, पदवी होते, हाताला एखादे काम येते. अल्बम आणि कॉलेज ही एकमेकांची सवत नाहीत. उलट ज्याच्या पोटाची सोय आहे, त्याला पहिल्या मिळेल त्या कागदावर सही करण्याची घाई नसते.

तिसरी भेट

हे सगळे टिपण घेऊन आम्ही पुन्हा मेहरूणला गेलो. आपाने चहा ठेवला. दुलाभाई त्या दिवशी सुट्टीवर होते. आम्ही आपाला म्हटले, “समजवायला आलो होतो, पण आधी तू एक काम कर. त्याचं एकदा ऐक. ठेका न लावता, नुसतं.”

आपा तयार नव्हती. “मला काय कळतंय त्यातलं,” म्हणाली. भाचाही लाजत होता. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, जमिनीकडे पाहत, त्याने डाळ मिलचे ते कडवे म्हटले. या वेळी गिळायला शब्द नव्हता. त्याजागी दुसरा बसवला होता आणि काफिया पहिल्यापेक्षा बरा जमला होता.

दुलाभाई चहा तसाच ठेवून ऐकत होते. कडवे संपल्यावर ते म्हणाले, “पूड नाही रे, तिला आम्ही चुरी म्हणतो. मिलमध्ये पूड कुणी म्हणत नाही.” भाच्याने लगेच वही उघडली आणि शब्द खोडला.

आपाने एवढेच ठरवून दिले: परीक्षेपर्यंत वही तिच्याकडे राहील, जुम्म्याला असरनंतर एक तास परत मिळेल, आणि जे अब्बांसमोर म्हणता येणार नाही ते बाहेरही म्हणायचे नाही. भाच्याने कुरकुर केली, पण मान्य केले. अल्बमचे पुढे काय होईल, अल्लाह जाणे. सहा वर्षे आहेत. आम्ही निघताना मगरिबची अजान झाली, तेव्हा बापलेक दोघे चपला घालत होते आणि मुलगा विचारत होता, “अब्बा, मिलमध्ये अजून काय काय म्हणतात?”